रंकाळ्याकाठचे दोघे: एका छायाचित्राचा रंग आणि त्याची रचना

लग्नाआधीच्या चित्रणातील एक छायाचित्र पाठवून आपण विचारले आहे की, प्रकाश चांगला होता, जागा सुंदर होती, रंगही उठावदार आले, मग छायाचित्र पाहताना काहीतरी हरवल्यासारखे का वाटते? आपल्या प्रश्नात घाई नाही आणि स्वतःच्या कामाविषयीची खरी अस्वस्थता आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

ज्यांनी छायाचित्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याचे वर्णन आधी करतो. नोव्हेंबरअखेरची संध्याकाळ, पावणेसहाच्या आसपासची वेळ आणि कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचा शहराकडचा काठ. मागे पाणी, पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस या वाड्याच्या बाजूची झाडांची रांग आणि त्यामागे उतरणारा सूर्य. मुलगी डाळिंबी साडीत आहे. साडीला जरीचे हिरवे काठ आहेत. मुलाच्या अंगात मोतिया रंगाचा कुर्ता आहे. तो तिच्याकडे पाहतो आहे आणि ती लेन्सकडे पाहून हसते आहे. चौकट आडवी आहे, लेन्स ३५ मिमी, छिद्र एफ १.८ (म्हणजे बरेच उघडे; आकडा वाढतो तसे ते लहान होते) आणि अंतर साधारण चार मीटर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार कॅमेऱ्याची जुळवणी, 'सावली'वर होता आणि नंतर संगणकावर सोनेरी संध्याकाळचा एक तयार प्रीसेट, म्हणजे रंगबदलांचा ठरीव संच, लावला, असे आपण लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगतो. आपण रंकाळा पाहिला, संध्याकाळ पाहिली, साडी पाहिली. पण त्या दोघांच्या चेहऱ्यांमधली जी हातभर जागा आहे, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. प्रेमाच्या छायाचित्राचा विषय ती जागा असते. रंगाचा आणि रचनेचा प्रत्येक निर्णय नजरेला त्या जागेकडे नेतो की तिथून बाजूला ओढतो, याच कसोटीवर मी हे छायाचित्र तपासले आहे.

रंगापासून सुरुवात करू. व्हाइट बॅलन्स 'सावली'वर ठेवण्याचा आपला पहिला निर्णय योग्य होता. सूर्य त्यांच्या पाठीमागे होता, म्हणजे चेहऱ्यांवर सूर्याचा प्रकाश नव्हताच. चेहरे उजळले होते ते समोरच्या, पूर्वेकडच्या आकाशाने. मावळतीच्या सूर्याचा प्रकाश साधारण ३००० केल्व्हिनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो (हा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळट-लाल), तर मोकळ्या आकाशाच्या सावलीतला प्रकाश ७००० केल्व्हिनच्या पुढे जातो. कॅमेरा सावलीसाठी लावला की चेहरे स्वाभाविक येतात आणि केसांच्या, खांद्यांच्या कडांवरचे ऊन आपोआप गडद सोनेरी होते. हवा तो सोनेरी रंग कॅमेऱ्यातच मिळाला होता. त्यावर प्रीसेटने ऊबदारपणाचा दुसरा थर चढवला आणि त्यात पाणी, आकाश, काठाचा काळा दगड, कुर्ता, त्वचा हे सगळे एकाच मधाच्या रंगात बुडाले.

ऊब जाणवते ती शेजारी गारवा असतो म्हणून. फ्रान्समधील गोब्लँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्याच्या रंगशाळेचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून हेच मांडले होते की, एखादा रंग कसा दिसेल हे त्याच्या शेजारी कोणता रंग आहे यावर ठरते. सुताचा रंग तोच असतो, शेजार बदलला की तो फिकट किंवा भडक भासतो. आपल्या मूळ फाईलमध्ये रंकाळ्याचे पाणी राखाडी-निळे असणार, कारण त्या वेळी जवळच्या पाण्यात वरच्या आकाशाचे प्रतिबिंब असते आणि ते आकाश थंड रंगाचे असते. ते पाणी तसेच ठेवले असते, तर त्याच्यापुढे दोघांच्या केसांवरची सोनेरी कड आणि गालांची ऊब कोणत्याही स्लायडरशिवाय उठून आली असती. कोल्हापुरात राहून हे शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. चित्रकार आबालाल रहमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांची निसर्गचित्रे रंगवली आहेत. टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन त्यांचे काम पाहा. राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयातील निसर्गचित्रांपुढेही तासभर उभे राहा. पाहताना उजळ, ऊबदार जागा नव्हे, तर त्यांच्या आजूबाजूचे करडे, निळसर, मळकट रंग किती आणि कुठे आहेत ते मोजा. चित्रकार ते हाताने लावतो. छायाचित्रकाराला ते निसर्गात आयते मिळतात, आणि आपण मात्र प्रीसेट लावून पुसून टाकतो.

याच कारणाने आपल्या चौकटीच्या उजव्या कडेला असलेली भेळेच्या गाडीवरची निळी ताडपत्री इतकी बोचते आहे. प्रत्यक्षात ती मळकी, उन्हाने विटलेली असेल. पण सगळी चौकट पिवळट झाल्यावर उरलेला एकमेव निळा ठिपका तो तिचाच, शिवाय अशा प्रीसेटमध्ये निळा रंग फिरोजीकडे ढकललेला असतो. त्यामुळे माझी नजर तीन वेळा चेहऱ्यांवर गेली आणि तीनही वेळा ताडपत्रीवर घसरली. टिपताना दोन पावले डावीकडे सरकला असता, तर ती मुलाच्या खांद्याआड गेली असती.

आता साडी. पदराच्या निऱ्या आणि जरीचे बुट्टे आपल्या छायाचित्रात दिसत नाहीत. खांद्यापासून कमरेपर्यंत लाल रंगाचा एक सपाट पट्टा दिसतो. आपण म्हणता की हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, उजवीकडे टेकला नव्हता, आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण आपण बहुधा एकत्रित उजळपणाचा हिस्टोग्राम पाहिला असावा. त्या गणितात हिरव्या रंगाला सुमारे ७२ टक्के, लाल रंगाला सुमारे २१ टक्के आणि निळ्याला सुमारे ७ टक्के वजन असते, कारण आपल्या डोळ्यांची संवेदनशीलता साधारण तशी असते. म्हणजे लाल वाहिनी (चित्रातली फक्त लाल रंगाची नोंद) २५५ या कमाल आकड्याला जाऊन आदळली आणि हिरवी-निळी जवळजवळ शून्यावर असली, तरी हिस्टोग्राम तो भाग अंधाराकडच्या बाजूला दाखवतो आणि आपण निर्धास्त राहतो. कापडावरची घडी दिसते ती उजळ लाल आणि गडद लाल यांतल्या फरकाने. सगळेच २५५ झाले की घडी संपते. कुंकवासारख्या लाल, डाळिंबी किंवा गडद राणी रंगाच्या साडीसाठी कॅमेऱ्यावर तिन्ही वाहिन्यांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू ठेवावा आणि लाल वाहिनी कडेला टेकत असेल तर एक्स्पोजर अर्ध्या ते दोन तृतीयांश स्टॉपने कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). आपल्यासाठी एक चांगली शक्यताही आहे. पुष्कळदा मूळ रॉ फाईलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, लाल शाबूत असतो आणि तो फाटतो नंतर, म्हणजे सॅच्युरेशन (रंगाचा दाटपणा) वाढवून फाईल एसआरजीबी या पडद्यासाठीच्या लहान रंगमर्यादेत कोंबताना. प्रीसेट काढून, लाल रंगाचे सॅच्युरेशन आणि उजळपणा थोडा खाली आणून पाहा. बुट्टे परत येण्याची शक्यता मला बरीच वाटते.

त्वचेविषयी मात्र मला अधिक गंभीरपणे बोलायचे आहे. मुलीचा चेहरा गव्हाळ-पिवळा आणि उजळ आहे, पण तिचा मनगटापुढचा हात सावळा आहे. म्हणजे मूळची मुलगी सावळी आहे आणि नारिंगी रंगाचा उजळपणा वाढवून, वर चेहऱ्यावर ब्रश फिरवून ती गोरी केली आहे. माणसाची त्वचा सावळी असो की गोरी, तिची रंगछटा नारिंगीच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातच असते. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि रंगाच्या दाटपणाचा. म्हणून नारिंगीचा एक स्लायडर सरकवला की सगळी त्वचा एकदम बदलते, आणि सोबत जरी, लाकूड, वाळलेले गवत हेही बदलते. हे तंत्र सोपे असल्यामुळे आपल्या व्यवसायात त्याची सवय लागली आहे. घरचे लोक तशी मागणी करतात, हेही मला माहीत आहे.

माझ्या सुरुवातीच्या काळात पन्हाळ्यावरच्या एका चित्रणात मी हेच केले होते. हिरव्या उतारावरून परतलेला प्रकाश मुलीच्या हनुवटीखाली साचला होता. तो झाकण्यासाठी मी छपाईत पिवळा-लाल वाढवला आणि चेहरा उजळ केला. अल्बम पाहून तिच्या आईने तक्रार केली नाही. पाने उलटून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "छान आहेत, पण ही आमची पोर वाटत नाही." ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. हे छायाचित्र त्या घरात पुढची कित्येक वर्षे भिंतीवर राहणार आहे, आणि ज्याने सावळ्या मुलीवर जीव लावला, त्याच्या शेजारी आपण दुसरीच कोणी उभी करत असतो. सावळ्या त्वचेवर मावळतीची कड फार सुंदर येते, कारण गाल आणि कड यांच्या उजळपणात मोठे अंतर असते; त्वचा उजळ केली की ते अंतर आपणच मिटवतो. ब्रश काढून टाका आणि चेहरा हाताच्या रंगाशी जुळतो का ते शेजारी-शेजारी ठेवून पाहा. रंगाचा अंदाज चुकत असेल तर काठाचा काळा दगड मदतीला घ्या. आपल्या भागातला बेसाल्ट अगदी निर्भेळ करडा नसतो, पण त्यावर कर्सर ठेवल्यावर लाल, हिरवा आणि निळा हे आकडे एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळ असायला हवेत. आपल्या छायाचित्रात तो दगड चक्क तपकिरी झाला आहे.

प्रकाशाबद्दल एक गोष्ट आपल्या हाताशी होती आणि सुटली. मुलाचा मोतिया कुर्ता हा उत्तम परावर्तक होता. मुलीचा चेहरा लेन्सकडे असल्यामुळे कुर्त्यावरचा प्रकाश तिच्या कानामागे वाया गेला आणि साडीचा लाल मात्र तिच्या गळ्यावर उमटला. ती त्याच्याकडे थोडीशी वळली असती, तर त्या कुर्त्यावरून आलेला मऊ, स्वच्छ प्रकाश तिच्या गालावर पडला असता. एरवी पांढऱ्या थर्माकोलची एक शीट सोबतीला पुरते. चंदेरी परावर्तक अशा वेळी डोळ्यांवर तिरीप मारतो आणि लोक डोळे बारीक करतात.

रचनेकडे येतो, आणि इथे आपली सर्वांत मोठी अडचण एकाच गोष्टीतून निर्माण झाली आहे: आपण उभे राहून, डोळ्याला कॅमेरा लावून छायाचित्र घेतले. कॅमेरा समतल धरला असता क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. आपला कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर त्याच पातळीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ती रेषा दीड मीटरच्या उंचीवर छेदणार, मग तो माणूस दोन मीटरवर असो की दहा मीटरवर. रंकाळ्याची पलीकडची पाणरेषा क्षितिजाच्या अगदी लगत आहे. त्यामुळे ती रेषा मुलाच्या गळ्यातून आणि त्याच्याहून ठेंगण्या मुलीच्या नेमक्या डोळ्यांतून गेली आहे, आणि त्या रेषेवर बसलेली झाडांची काळी रांग तिच्या अंबाड्यात मिसळली आहे. तिचे डोके कुठे संपते आणि झाडे कुठे सुरू होतात, हे कळत नाही. छायाचित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहा, किंवा जुन्या चित्रकारांप्रमाणे डोळे किलकिले करून पाहा. केस, झाडे आणि साडीचा वरचा भाग यांचा एकच गडद ठोकळा दिसेल. रंगांमुळे हा दोष झाकला जातो, पण मनाला तो जाणवत राहतो. आपल्याला जे हरवल्यासारखे वाटते, त्याचा बराच भाग इथे आहे.

आता थोडे गणित करू, कारण त्यातून उपाय आपोआप निघतो. ३५ मिमीची लेन्स मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आडवी धरली, तर चार मीटर अंतरावर उभ्या दिशेने सुमारे पावणेतीन मीटर दृश्य मावते. कॅमेरा दीड मीटर उंचीवर समतल असेल, तर त्यातले निम्मे वर आणि निम्मे खाली जाते. म्हणजे वर डोक्यावर मीटरभराहून अधिक रिकामे आकाश आणि खाली जमिनीपासून टीचभर उंचीवर, म्हणजे बरोबर घोट्यांशी, चौकट संपते. आपल्या छायाचित्रात नेमके हेच झाले आहे, मुलाच्या पायातल्या कोल्हापुरी चपलाही चौकटीबाहेर गेल्या आहेत. आपण एक गुडघा टेकून कॅमेरा एक मीटरच्या उंचीवर आणला असता, तर पाऊले चौकटीत आली असती, डोक्यावरचे आकाश अर्ध्या मीटरने कमी झाले असते, पाणरेषा कमरेवरून गेली असती आणि काही शे मीटर दूर असलेली ती झाडे दोघांच्या खांद्यांखाली राहून चेहरे स्वच्छ आकाशावर उमटले असते. मागचे आकाश उजळ असल्यामुळे प्रकाशाची मोजणी चेहऱ्यावरून करावी लागली असती, एवढेच.

लेन्सच्या निवडीतही आपला गोंधळ झाला आहे. पॅलेस हवा की नको, हे ठरलेले नव्हते. ३५ मिमीवर एफ १.८ ठेवल्याने पलीकडचा काठ ना धड स्पष्ट आला ना धड विरघळला. पुष्कळांना वाटते की पार्श्वभूमी विरघळवायची म्हणजे छिद्र पूर्ण उघडायचे. पण त्याच अंतरावरून ८५ मिमीची लेन्स एफ ४ वर ठेवली, तरी दूरची पार्श्वभूमी आपल्या छायाचित्रापेक्षा अडीच पटींहून अधिक धूसर होते. शिवाय चार मीटरवर त्या छिद्राला साधारण अर्धा मीटर खोली स्पष्ट राहते, म्हणजे दोन्ही चेहरे थोडे पुढे-मागे असले तरी चालतात. तीच लेन्स एफ १.८ वर नेली तर ही खोली वीतभर होते आणि दोघांपैकी एकाचे डोळे हमखास जातात. जोडप्याच्या छायाचित्रात असे एकाला वगळणे मला कधीच पटलेले नाही.

पॅलेस खरोखरच हवा असेल तर संध्याकाळ सोडा. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेली ती वास्तू तळ्याच्या पश्चिम काठावर आहे. संध्याकाळी शहराकडून पाहिले की तिच्यामागे सूर्य असतो आणि ती काळ्या आकृतीपलीकडे काही उरत नाही. सकाळी सूर्योदयानंतरच्या पाऊण तासात सूर्य तुमच्या पाठीमागे असतो, वास्तू उजळते, चेहरेही उजळतात, आणि भेळेच्या गाड्या आलेल्या नसतात. फिरायला येणारी मंडळी असतात, पण ती चालत पुढे जातात. संध्याकाळची गर्दी थांबून पाहते.

आणि त्या थांबून पाहणाऱ्या गर्दीचा परिणाम आपल्या छायाचित्रात आहे. मुलीचे हसू ओठांवर आहे, पण खांदे वर उचललेले आहेत. मुलाचा हात तिच्या कमरेवर ठेवायला सांगितला आहे, हे त्याच्या ताठ बोटांवरून कळते. आपल्याकडे अशा चित्रणाला सोबत एखादी बहीण, भाऊ, आत्या असतेच; मागे ओळखीचे कोणी दिसेल ही धास्तीही असते. अशा वेळी मिठीची, कपाळाला कपाळ लावण्याची ठरीव मांडणी करायला लावणे हा त्या दोघांवर अन्याय आहे. मी त्यांना कट्ट्यावर शेजारी बसवतो, दहा पावले मागे जातो, मोठी लेन्स लावतो आणि पहिली दहा मिनिटे कॅमेरा मांडीवर ठेवतो. पहिल्यांदा भेटायला आलात तेव्हा चहा कोणी आणला होता, असे काहीतरी विचारतो आणि त्यांना आपसात वाद घालू देतो. तिला लेन्सकडे बघा असे सांगू नका. त्याची नजर तिच्यावर आणि तिची नजर आपल्यावर असली की छायाचित्रात तीन माणसे होतात आणि तिसरे आपण असतो. दोघांच्या नजरा एकमेकांवर किंवा दोघांच्याही पाण्यावर असू द्या. मग मधली हातभर जागा आपोआप बोलू लागते.

हे छायाचित्र वाया गेलेले नाही. मूळ रॉ फाईल उघडा, प्रीसेट पूर्ण काढा. चौकट आडवीच ठेवून कापून लहान करा: खाली मुलाच्या कोपराच्या जरा वर, उजवीकडे ताडपत्री सुरू होण्याआधी, वर डोक्यावर चार बोटे जागा सोडून. घोट्यांचा, आकाशाचा आणि ताडपत्रीचा प्रश्न या एका कापण्याने सुटतो. कमरेवरचा ताठ हातही बाहेर जातो. झाडांच्या रांगेवर हलका मास्क लावून ती थोडी फिकी आणि निळसर करा, म्हणजे अंबाड्याची कड सुटी होईल. दूरची झाडे धुरकट दिसणे हे निसर्गातही असतेच, त्यामुळे ते खोटे वाटणार नाही. पाण्याला त्याचा राखाडी-निळा परत द्या. लाल खाली आणा. चेहऱ्यावरचा ब्रश पुसा. मग लॅबमधून ८ बाय १२ इंचांची एकच प्रत छापून घ्या आणि अल्बमची मांडणी सुरू करण्याआधी ती मुलीच्या घरी नेऊन तिच्या आईच्या हातात द्या.